वेबपृष्ठांची निर्मिती व तपासणी करणारी मुक्तस्रोत साधने : मराठी मजकुराच्या दृष्टीने एक समीक्षा

गोषवारा

वेबपृष्ठे तयार करणारी आणि त्यांची तपासणी करणारी अनेक मुक्तस्रोत साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत. या साधनांनी निर्दोष ठरविलेले पृष्ठ वाचकाला खरोखरच वाचता येते काय, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. मराठी मजकूर समोर ठेवून निर्मितीची साधने, रचनेची तपासणी करणारी साधने आणि सुगम्यता तपासणारी साधने अशा तीन गटांचा येथे विचार केला आहे. ही साधने चिन्हांकनाचे व्याकरण उत्तम तपासतात, परंतु भाषेविषयी बहुतांशी मौन बाळगतात आणि या मौनाची जबाबदारी केवळ साधनकर्त्यांची नसून भाषेच्या अभ्यासकांचीही आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मुक्तस्रोत, चिन्हांकन, व्हॅलिडेटर, युनिकोड, सुगम्यता, मराठी.

१. प्रस्तावना

मराठी मुद्रणाला मुद्रितशोधनाची दीर्घ परंपरा आहे. खिळे सुबक असावेत, ओळी सरळ असाव्यात, समास नेमका असावा ही जबाबदारी छापखान्याची. शब्द शुद्ध आहे की नाही हे पाहण्याचे काम मुद्रितशोधकाचे. जुळारी आणि मुद्रितशोधक ही दोन कामे वेगळी आहेत, हे छापखान्यात कोणाला समजावून सांगावे लागत नसे. महाविद्यालयांची संकेतस्थळे उभी राहिली तेव्हा मात्र ही विभागणी नकळत पुसली गेली. संगणकाने पृष्ठ तपासले आणि दोष आढळला नाही, म्हणजे पृष्ठ शुद्ध आहे, अशी समजूत रूढ झाली.

या समजुतीचे परिणाम गंभीर आहेत. प्रवेशाची सूचना, शुल्काचा तक्ता, शिष्यवृत्तीची अंतिम तारीख, परीक्षेचे वेळापत्रक हे सारे आता प्रथम संकेतस्थळावर प्रसिद्ध होते. एखाद्या दृष्टिबाधित विद्यार्थ्याच्या संगणकाला ती सूचना वाचून दाखवता आली नाही, किंवा शोधयंत्राला ती सापडलीच नाही, तर त्या विद्यार्थ्यापुरती ती सूचना प्रसिद्ध झालेली नाही. म्हणूनच पृष्ठ घडविणाऱ्या व तपासणाऱ्या साधनांची चिकित्सा हा केवळ संगणकशास्त्र विभागाचा विषय राहत नाही.

२. समीक्षेचे निकष

प्रस्तुत समीक्षेसाठी तीन प्रश्न निकष म्हणून स्वीकारले आहेत. पहिला, साधन पृष्ठाची रचना नीट घडविते वा तपासते काय? दुसरा, त्या रचनेत ठेवलेला मजकूर कोणत्या भाषेतील आहे याची साधनाला जाण आहे काय? तिसरा, साधनाचा निष्कर्ष आणि प्रत्यक्ष वाचकाचा अनुभव यांत किती अंतर आहे? ज्यांचा मूळ संकेत कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वितरित करता येतो अशीच साधने येथे प्रामुख्याने विचारात घेतली आहेत. साधन फुकट मिळणे आणि ते मुक्त असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे येथे ध्यानात ठेवावयाचे आहे.

३. निर्मितीची साधने

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न येथे जो पहिला ब्राऊझर तयार केला, तो केवळ पृष्ठे दाखविणारा नव्हता. त्यातच पृष्ठे लिहिताही येत असत. वाचणे आणि लिहिणे या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, अशी त्यामागील धारणा होती. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने या प्रणालीवरील आपला हक्क सोडून ती सार्वजनिक केली. परंतु पुढे लोकप्रिय झालेल्या ब्राऊझरांत लिहिण्याची सोय मागे पडली आणि वाचक हा केवळ प्रेक्षक झाला. वर्ल्ड वाईड वेब कन्सॉर्शिअम अर्थात डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने फ्रान्समधील इन्रिया या संशोधन संस्थेसह १९९६ पासून विकसित केलेला ‘अमाया’ हा मूळ धारणेकडे परत जाण्याचा प्रयत्न होता. अमायामध्ये लेखकाला चुकीची रचना करणेच अवघड जाई. २०१२ नंतर मात्र त्याचा विकास थांबला.

दुसरी परंपरा नेटस्केपच्या ‘कम्पोझर’पासून सुरू होते. मोझिला प्रकल्पातून हा संपादक मुक्त झाला. डॅनिएल ग्लाझमन यांनी त्यावरून ‘एनव्हीयू’ हा संपादक तयार केला व त्याची १.० ही आवृत्ती २००५ मध्ये आली. एनव्हीयूचे काम थांबल्यावर इतरांनी तोच संकेत घेऊन ‘कॉम्पोझर’ ही शाखा काढली. तिचीही नवी आवृत्ती २०१० नंतर आलेली नाही. या वंशावळीतून मुक्तस्रोताचे बळ आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी दिसतात. एका संस्थेने काम सोडले तरी संकेत नष्ट झाला नाही, दुसऱ्याला तो उचलता आला. परंतु परवाना काम पुढे चालविण्याचा अधिकार देतो, काम करणारी माणसे देत नाही.

आज बहुसंख्य संकेतस्थळांसाठी असे संपादक वापरले जात नाहीत. वर्डप्रेस, द्रुपल, जूमला यांसारख्या मजकूर-व्यवस्थापन प्रणालींनी त्यांची जागा घेतली आहे. या तिन्ही प्रणाली मुक्तस्रोत आहेत आणि त्यांच्यामुळे प्राध्यापकाला वा लिपिकाला टॅगांचे ज्ञान नसतानाही सूचना प्रसिद्ध करता येते. या सोयीत एक दोष मात्र दडलेला आहे. वर्डप्रेसमध्ये पृष्ठाची भाषा कोणती, ही घोषणा संकेतस्थळाच्या सर्वसाधारण भाषा-निवडीवरून आपोआप घेतली जाते. स्थापनेच्या वेळी इंग्रजी ही भाषा ठेवली असेल आणि नंतर सर्व मजकूर मराठीतून भरला असेल, तर प्रत्येक मराठी पृष्ठ ‘मी इंग्रजी आहे’ असे जाहीर करत राहते. लिहिणाऱ्याला पडद्यावर मराठीच दिसत असल्याने ही विसंगती त्याच्या लक्षात येत नाही. साधनाने काम सोपे केले, पण ते करताना जो निर्णय लेखकाने जाणीवपूर्वक घ्यावयास हवा होता, तो त्याच्या नकळत घेऊन टाकला.

४. रचनेची तपासणी : व्याकरण आणि त्याच्या सीमा

तपासणीच्या साधनांत डब्ल्यूथ्रीसीच्या मार्कअप व्हॅलिडेटरचे स्थान ऐतिहासिक आहे. जेराल्ड ऑस्कोबॉयनी यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेल्या तपासनीसातून तो विकसित झाला. जेम्स क्लार्क यांच्या ‘एसपी’ या मुक्त विश्लेषकाच्या परंपरेतील आज्ञावली त्याच्या मुळाशी होती. पृष्ठाच्या प्रारंभी घोषित केलेली नियमावली घ्यावयाची आणि प्रत्येक टॅग तिच्याशी ताडून पाहावयाचा, अशी ही पद्धत होती. डिसेंबर १९९९ मधील एचटीएमएल ४.०१ आणि जानेवारी २००० मधील एक्सएचटीएमएल १.० यांच्या काळात संकेतस्थळाच्या तळाशी ‘वैध’ असे बोधचिन्ह लावणे प्रतिष्ठेचे मानले जाई.

पुढे या वैधतेचा अर्थच पालटला. हेन्री सिव्होनेन यांनी हेलसिंकी तंत्रविद्यापीठातील २००७ च्या आपल्या प्रबंधासाठी एचटीएमएल ५ चा तपासनीस तयार केला. ‘नू एचटीएमएल चेकर’ या नावाने तोच आज डब्ल्यूथ्रीसीकडूनही उपलब्ध करून दिला जातो. एचटीएमएल ५ ने एक मूलभूत गोष्ट केली. चुकीचे पृष्ठ आले तर ब्राऊझरने त्याचा अर्थ कसा लावावयाचा, हेही तिने नियमबद्ध केले. परिणामी टॅगांच्या किरकोळ चुकांमुळे वेगवेगळ्या ब्राऊझरांत पृष्ठ वेगवेगळे दिसण्याचे प्रकार पुष्कळ कमी झाले. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या २.२ या आवृत्तीने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘विश्लेषणक्षमता’ हा निकष कालबाह्य म्हणून वगळला, तो याच कारणाने. ज्या निकषावर एकेकाळी सर्व भर होता, तो प्रमाणकर्त्यांनीच मागे घेतला, ही घटना वैधतेला अंतिम मूल्य मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावयास हवी.

याच गटातील ‘एचटीएमएल टायडी’ हे साधन डेव्ह रॅगेट यांनी तयार केले. ते केवळ चुका दाखवीत नाही, दुरुस्तही करते. वर्डमधून एचटीएमएल म्हणून जतन केलेल्या सूचनापत्रातील अनावश्यक टॅगांचा पसारा आवरण्यासाठी त्यात वेगळा पर्याय आहे. परंतु दुरुस्त करणाऱ्या साधनाची चूक ही दाखविणाऱ्या साधनाच्या चुकीपेक्षा महाग पडते. टायडीच्या जुन्या आवृत्त्या मूलतः पाश्चात्त्य युरोपीय अक्षरे गृहीत धरून चालत. वेगळा पर्याय न देता युटीएफ-८ मधील मराठी पृष्ठ त्यांच्या हवाली केले, तर ‘म’ या एका अक्षराच्या तीन बाइटांना त्या तीन स्वतंत्र रोमन चिन्हे समजत व त्यांचे तसे संकेत लिहून ठेवीत. टॅग सगळे जागच्या जागी आणि मजकूर उद्ध्वस्त, असा हा प्रकार होता. २०१५ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून युटीएफ-८ हेच मूळ गृहीतक झाले आणि हा धोका दूर झाला.

५. निर्दोष परंतु अवाच्य

आता मूळ प्रश्नाकडे वळू. युनिकोडमध्ये देवनागरीला पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून स्थान आहे. तरीही पुढील दीड-दोन दशके पुष्कळशी मराठी पृष्ठे शुषा, श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या संचांतील फॉन्टांवर विसंबून होती. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले असत. डोळ्यांना मराठी दिसे, पण साठविलेला मजकूर हा रोमन अक्षरांचा निरर्थक समूह असे.

अशा एका पृष्ठाची जुन्या व्हॅलिडेटरकडे परीक्षा घेतली असती तर काय झाले असते? टॅग नियमानुसार, अक्षरसंकेत घोषित केलेला, प्रत्येक बाइट त्या संकेतात ग्राह्य, एचटीएमएल ४.०१ च्या सैल नियमावलीत फॉन्टचा टॅगही मान्य. म्हणजे ज्यात मराठीचा एकही शब्द नाही असे मराठी पृष्ठ वैध ठरले असते. आजचा नू चेकर जुन्या अक्षरसंकेताला आणि फॉन्टच्या टॅगला हरकत घेतो. परंतु तीच निरर्थक अक्षरे युटीएफ-८ मध्ये जतन केली आणि फॉन्टची योजना शैलीपत्रकात हलविली, की दोन्ही हरकती मिटतात. दिसण्यात फरक नाही, निकालात दोष नाही आणि शोधयंत्राला वा वाचकयंत्राला मात्र काहीच कळत नाही. व्हॅलिडेटर येथे खोटे बोलत नाही. त्याला जे विचारले गेले त्याचेच उत्तर तो देतो. दोष आहे तो त्या उत्तराला दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर समजण्यात.

युनिकोड स्वीकारल्यावर प्रश्न संपतो, असेही नाही. मराठीतील ‘ॲ’ या स्वराला युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. तत्पूर्वी ‘अ’ लिहून त्यावर चंद्राची खूण देण्याची पद्धत होती आणि ती आजही चालू आहे. ‘ॲ’ आणि ‘अॅ’ हे डोळ्यांना सारखे दिसतात. संगणकासाठी ते भिन्न आहेत. युनिकोडची शिफारस पहिल्या रूपाची आहे, परंतु दोन्ही रूपे एक मानण्याचा नियम त्याच्या प्रमाणीकरणात नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे रूप निश्चित केले, तरी टंकलेखनातील हे द्वैत टिकून राहिले. एका पानावर ‘अॅडमिशन’ आणि दुसऱ्यावर ‘ॲडमिशन’ असे लिहिलेले असेल, तर साध्या शब्दशोधात त्यांपैकी एक पान हाती लागणार नाही.

‘ऱ्या’ या जोडाक्षराची स्थितीही अशीच आहे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत अर्थभेद आहे, म्हणून हा आकार मराठीला आवश्यक आहे. तो ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापासून घडविता येतो, तसाच ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावूनही घडविता येतो. दोन्ही मार्गांनी पडद्यावर एकच आकार उमटतो. नू चेकर युनिकोडच्या प्रमाणित रूपाची तपासणी करतो आणि त्यात न बसणाऱ्या मजकुराविषयी इशारा देतो. ‘र’खाली नुक्ता देऊन ‘ऱ’ लिहिल्यास तो ते नेमके ओळखू शकतो, कारण ती एकरूपता युनिकोडच्या तक्त्यात नोंदलेली आहे. परंतु अदृश्य जोडचिन्हाचा मार्ग आणि ‘ॲ’चे द्वैत या तक्त्याच्या बाहेर आहेत. त्यामुळे मराठी लेखनात वारंवार आढळणाऱ्या या दोन विसंगतींविषयी तपासनीस गप्प राहतो. ही त्याची त्रुटी असली तरी ती दाखवून देण्याचे काम मराठी जाणणाऱ्याखेरीज दुसरे कोण करणार?

६. सुगम्यतेची तपासणी : गुण आणि वाचक

सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये व दुसरी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती स्वयंचलितपणे तपासण्यासाठी आज ‘ॲक्स-कोअर’, ‘पॅली’, ‘लाइटहाऊस’ ही मुक्तस्रोत साधने विशेष वापरली जातात. २०१६ मध्ये गुगलने आणलेल्या लाइटहाऊसची सुगम्यता-तपासणी ॲक्स-कोअरवरच आधारलेली आहे. लाइटहाऊस १०० पैकी गुण देते आणि हा आकडा अहवालात मांडावयास सोयीचा असल्याने विशेष लोकप्रिय आहे.

या गुणांचे मोल किती? मॅन्युएल माटुझोविच यांनी २०१९ मध्ये एक पृष्ठ मुद्दाम असे रचले की ते कोणालाही वापरता येऊ नये. लाइटहाऊसने त्याला सुगम्यतेचे पैकीच्या पैकी गुण दिले. ब्रिटनच्या शासकीय डिजिटल सेवेने २०१७ मध्ये १४२ अडथळे हेतुपुरस्सर ठेवलेले एक पृष्ठ तयार करून १० साधनांची परीक्षा घेतली. त्यांतील २९ टक्के अडथळे एकाही साधनाला सापडले नाहीत. याचा अर्थ ही साधने निरुपयोगी आहेत असा नव्हे. अमेरिकेतील वेबएम ही संस्था २०१९ पासून दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठांची स्वयंचलित तपासणी करते. पहिल्या वर्षी ९७.८ टक्के आणि २०२५ मध्ये ९४.८ टक्के मुखपृष्ठांत दोष आढळले. यंत्राला सापडतील इतके ढोबळ दोषही जेथे दूर झालेले नाहीत, तेथे यंत्राचा उपयोग आहेच. मात्र त्याचा निकाल ही तपासणीची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

मराठी पृष्ठाच्या बाबतीत हे अंतर अधिक वाढते. ॲक्स-कोअर पृष्ठावर भाषेची घोषणा आहे काय आणि ती घोषणा मान्य संकेतांपैकी आहे काय, एवढेच पाहते. मराठी पृष्ठाने स्वतःला इंग्रजी म्हटले तरी दोन्ही अटी पूर्ण होतात. याउलट एनव्हीडीए हे २००६ पासून विकसित होत असलेले मुक्तस्रोत वाचकयंत्र त्या घोषणेवरून आवाज निवडू शकते. ‘इंग्रजी’ असे वाचून इंग्रजी आवाज निवडला गेला, तर देवनागरी मजकूर वगळला जातो किंवा त्याची दुर्दशा होते. ‘हिंदी’ असे जाहीर केले असेल तर मजकूर ऐकू येतो, पण हिंदीच्या उच्चारनियमांनी. येथे नू चेकर वेगळा ठरतो. तो मजकुरावरून भाषा ओळखण्याचा प्रयत्न करतो आणि घोषणेशी मेळ नसल्यास सूचना देतो. सुगम्यतेसाठी नसलेले साधन ही चूक दाखविते आणि सुगम्यतेचे साधन ती सोडून देते, हा विरोधाभास एकाच साधनावर विसंबण्याचा धोका स्पष्ट करतो.

चित्ररूप सूचनांविषयीही असेच म्हणता येईल. स्वाक्षरी व शिक्क्यासह कागद स्कॅन करून तो चित्र म्हणून लावण्याची प्रथा सार्वत्रिक आहे. चित्राला पर्यायी मजकूर आहे काय, हे साधन पाहते. त्या जागी ‘सूचना’ एवढा एकच शब्द लिहिला तरी तपासणी पार पडते. सूचनेत काय म्हटले आहे, हे मात्र ऐकणाऱ्याला कळत नाही.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने माहिती व संपर्क तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचे दायित्व निश्चित केले आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. अशा वेळी १०० गुणांचे छायाचित्र अहवालाला जोडून दायित्व पूर्ण झाले असे मानता येणार नाही.

७. मुक्तस्रोत असण्याचे मर्म

वरील विवेचनातून ही साधने सदोष आहेत एवढाच निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. विकत घेतलेल्या बंदिस्त साधनात हीच उणीव असती, तर तक्रार करून वाट पाहण्यापलीकडे आपल्या हाती काही नसते. येथे संकेत खुला आहे. ‘ॲ’चे द्वैत दाखविणारा नियम, मराठी पृष्ठावरील इंग्रजी घोषणेचा इशारा, जुन्या फॉन्टांतील मजकूर ओळखण्याची युक्ती या गोष्टी लिहून मूळ प्रकल्पाकडे पाठविता येतात किंवा आपल्या उपयोगासाठी वेगळ्या ठेवता येतात. असे पूर्वी घडलेले आहे. ‘पद्म’ या फायरफॉक्सच्या मुक्तस्रोत जोडसाधनाने अनेक भारतीय भाषांच्या जुन्या फॉन्टांतील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून दाखविले होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सने जुन्या पद्धतीच्या जोडसाधनांचा आधार काढून घेतला. अशा साधनांपुढे तेव्हा नव्याने लिहिले जाणे किंवा विस्मृतीत जाणे हे दोनच पर्याय उरले.

महाविद्यालयांत या कामासाठी लागणारे दोन्ही घटक एकाच छताखाली असतात. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवा असतो; मराठी विभागाकडे लिपी व शुद्धलेखनाचे ज्ञान असते. परंतु पहिल्यांना मराठी हा तांत्रिक प्रश्न वाटत नाही आणि दुसऱ्यांना तपासनीस हा भाषेचा प्रश्न वाटत नाही. या दोन भिंतींमधील रिकाम्या जागेत आपली संकेतस्थळे उभी आहेत.

८. निष्कर्ष व शिफारशी

निर्मितीच्या साधनांनी लेखन सुलभ केले, पण भाषेची घोषणा लेखकाच्या नजरेआड नेली. रचनेच्या तपासनीसांनी टॅगांना शिस्त लावली; मजकुराच्या सार्थतेविषयी बोलणे हे त्यांचे कार्यच नाही. सुगम्यतेची साधने ढोबळ दोष चटकन दाखवितात, पण त्यांचे गुण हे वाचकाचे मत नव्हे.

यावरून काही व्यावहारिक शिफारशी करता येतात. पहिली, संकेतस्थळाच्या स्थापनेतच भाषा मराठी ठेवावी आणि इंग्रजी परिच्छेदांना वेगळी घोषणा द्यावी. दुसरी, नू चेकर व ॲक्स-कोअर ही दोन्ही साधने एकत्र वापरावीत, कारण एकाचे मौन दुसरे भरून काढते. तिसरी, ‘ॲ’ व ‘ऱ’ यांचे एकच रूप संस्थेपुरते ठरवून टंकलेखन करणाऱ्यांना द्यावे. चौथी, शिक्का मारलेल्या कागदाच्या चित्राखाली संपूर्ण सूचना मजकूर म्हणून द्यावी. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, प्रत्येक महत्त्वाचे पृष्ठ प्रसिद्ध करण्यापूर्वी पडदा न पाहता, एनव्हीडीएच्या साहाय्याने एकदा ऐकावे. शक्य असेल तेथे हे काम दृष्टिबाधित विद्यार्थ्यासमवेत व त्याला योग्य मोबदला देऊन करावे.

यंत्राने जुळाऱ्याचे काम पत्करले आहे आणि ते तो चोख करतो. मुद्रितशोधकाची खुर्ची मात्र अद्याप रिकामी आहे. ती भाषेच्या अध्यापकांनी स्वीकारावी, अशी अपेक्षा येथे नोंदवावीशी वाटते.